धावड्याचा दांडा

नाही, मी काय म्हणतो, कुऱ्हाडीत खोट होती का? नव्हती ना जी! साकोलीच्या लोहारानं पाणी देल्लेलं लोखंड, पातं असं का पाहूनच लाकडानं दोन हात सरकावं... पण लोखंडाचं काय घेऊन बसले? दांडा पाहा म्हणतो मी, दांडा!

तुम्हाले सांगतो, आमच्याकडे लगनाच्या मांडवाले जांभळीची हिरवी डगाल, म्हणजे फांदी, लागते, अन् ते तोडून आणाचा मान मोठ्या जवायाचा. खांद्यावर कुऱ्हाड, पुढं डफडेवाले, मागं बाया गाणे म्हणत, पहिला घाव जवायाचा अन् मांडवात पहिला दुपट्टाही जवायाले! आता लगन होतं आमच्या सालीचं, चंद्रकांताचं. मोठा जवाई कोण? मी, घनश्याम, लाखनीवाला. धाकटा कोण? भोजराज, नागपुरात कारकून, बेलबाटम घालते अन् कंगवा मागच्या खिशात! त्याच्यापुढं फजिती झाली तर?

म्हणून मी वर्षभर आधीच कामाले लागलो. मामाजीच्या, म्हणजे माझ्या सासऱ्याच्या, कुऱ्हाडीचा दांडा खिळखिळा, हे मले माहीत होतं. साग नको, साग दिसते देखणा अन् ठोक्यासरशी तडकते. धावडा पाहिजे, रानातलं चिवट लाकूड! गाठ नाही, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ... असा हुडकून आणला, चुलीवर धुरात टांगला. आमची गोदावरी रोज कावे, "अवो, वरणात साल पडून राहिली! घरात दांडा ठेवता का मले ठेवता?" दोघायलेही ठेवलं जी! मग काचेच्या तुकड्यानं घासला, मोहाचं तेल पाजलं, अन् होळीले नेऊन मामाजीच्या हाती देल्ला. मामाजी, लक्ष्मणराव, बोलणं कमी अन् खाकरणं जास्त. हात फिरवला, खाकरले, "बढिया आहे, जवाई!" माझी छाती गजभर फुगली ना!

अन् लगनात काय? वैशाखाचं ऊन, दारात डफडे, सासूबाईनं, देवकाबाईनं, कुऱ्हाड आणून देल्ली, हळद-कुंकू लावलेली, आंब्याचा टहाळा बांधलेली. पाहतो तर जुनाच दांडा! हालवला... आतून टुक-टुक!

"मामी, हे तर हालून राहिली!"

"हालते कायची? कालपासून बकेटीत भिजत घातली होती. लाकूड फुगलं, घट्ट बसली!"

अवो फुगलं, पण वैशाखाचं ऊन कोणाच्या बापाचं ऐकते? जांभळीपर्यंत जाता जाता वाळन ना ते! म्हणलं, पाचर तरी ठोकतो. दगड उचलला नाही का सासूबाई ओरडल्या, "हां हां जवाई! पूजेच्या कुऱ्हाडीवर दगड हाणता? पोरीचं लगन आहे!" आता बोला! ठोकता येत नाही, अन् मान सोडवत नाही. म्हणूनच म्हणतो, दांडा पाहा, दांडा!

निघाली वरात. पाऊल टाकलं का टुक, पाऊल टाकलं का टुक... जांभूळ बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर, खाली पाणी. भोजराज कंगवा फिरवत म्हणते, "भाऊजी, जमते का? नाहीतर मी..." "सरक मांगं!" म्हणलं. पण खोटं काहून बोलू, मले भेव लागलं होतं जी! कोणाच्या टाळक्यात गेली तर? सारे मांगं सारले, देवाचं नाव घेतलं अन् हाणला घाव... हात एकदम हलका! वर पाहतो तर हळदीकुंकवाची कुऱ्हाड, आंब्याच्या पानासकट, उडून राहिली... उडून राहिली... अन् बोडीत डुब्ब! माझ्या हातात नुसता दांडा. डफडेवाले वाजवतच राहिले, त्यायले वाटलं असाच रिवाज असन!

तेवढ्यात मांगून खाकरणं आलं. मामाजी. काठी टेकत टेकत पुढं आले, काठीनं बोडीकडं दाखवलं अन् मलेच म्हणतात, "जवाई, कुऱ्हाड घेतानी दांडा पाहून घ्यावा लागते!"

मी काठीकडं पाहिलं. गाठ नाही. रेषा सरळ. तेलानं चकचक करून राहिली, अन् खाली रबराचं बूच! माझा धावडा!

"मामाजी... हे..."

"लय बढिया काठी झाली, जवाई. असा माल कुऱ्हाडीत घालून खराब कराचा का?"

मग शेजारच्या टेकचंदची कुऱ्हाड आली, बेलबाटमवाल्यानं डगाल तोडली, पहिला दुपट्टा... जाऊ द्या. मले खरंच रडू आलं जी, पंगतीत मठ्ठासुद्धा गोड लागला नाही.

परवा लाखनीच्या बाजारात मामाजी भेटले. खाकरले. म्हणलं, आता तरी कुऱ्हाडीसाठी मागतीन! तर म्हणतात, "जवाई, अजून एक धावडा पाहा. तुमच्या सासूचे गुडघे दुखून राहिले."

काय करता? टांगला आहे चुलीवर. जरा आखूडच पाहून आणला... सासूबाई ठेंगण्या आहेत ना जी!