तापल्या पाण्याचा उपास

(जळगावला लागून असलेलं पिंप्राळा. १९६९ सालचा माघ सरत आलेला. हस्तीमलशेठच्या परसातला सिमेंटचा हौद. बाजूला विझत चाललेली भट्टी. हौदाच्या कडेला शेठची लेक प्रेमकुंवर आणि घरी कामाला असलेल्या वच्छलाबाई. उतरती दुपार.)

वच्छलाबाई : …बरं माय, नको उतरूस. माझं काय जातंय? कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरानं डोळे लाल झाले, तेवढंच. पण अशी पाठ करून काय बसलीस? सरक इकडं. आणखी जवळ. एक गोष्ट सांगते तुला. आमच्या राममंदिरात इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, पण ही कुठल्या बुवाच्या तोंडून ऐकली नाही.

प्रेमकुंवर : गोष्ट सांगत सांगत मला पाण्यात सोडायचा डाव आहे तुमचा. मला माहीत आहे, मावशी.

वच्छलाबाई : डाव कसला? केळीचा खांब बघ कसा तरंगतोय तुझी वाट बघत. पाण्यावरची ताडपत्री आत्ता काढली मी. हात घालून तर बघ, कसं कोमट झालंय.

प्रेमकुंवर : नाही घालणार.

वच्छलाबाई : बोट?

प्रेमकुंवर : बोटसुद्धा नाही. आणि माझ्या पायाच्या चामडी पट्ट्याही सोडायच्या नाहीत. सांगून ठेवते.

वच्छलाबाई : दहा वर्षांची पोर आणि बोलणं बघा, हिला घरात सून आलीय जशी! बरं, पट्ट्या राहू देत. गोष्ट तर ऐकशील? एक बाई होती. राजस्थानातून लग्न होऊन इकडं खानदेशात आली, तेव्हा तुझ्याएवढीच असेल. पहिल्याच दिवशी सासूनं हातात काय दिलं म्हणशील? दागिना नाही, लुगडं नाही. गळणं दिलं. दुहेरी, जाड कापडाचं. म्हणाली, या घरात न गाळलेला थेंब चालणार नाही…

प्रेमकुंवर : आणि गळण्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे. बादली अलगद खाली नेऊन. वरून ओतायचं नाही, त्यांना लागतं. ही दादीसाची गोष्ट आहे. मला पाठ आहे.

वच्छलाबाई : झालं! बुवांनी पूर्वरंग सुरू केला नाही तोच ही उत्तररंगात जाऊन बसली.

प्रेमकुंवर : मला उत्तररंगही माहीत आहे. दादीसा गेल्यावर बसायला आलेल्या बायका ओसरीवर बोलत होत्या. मी आतल्या खोलीत होते. सुंदरबाई म्हणाली, म्हातारी कशानं जायची होती? नातीच्या गरम पाण्यापायी गेली.

वच्छलाबाई : जीभ झडो तिची.

प्रेमकुंवर : खोटं आहे का ते?

वच्छलाबाई : थांब जरा. भट्टीत एक लाकूड धुमसतंय, ते ओढून येते.

प्रेमकुंवर : नाही. आधी सांगा.

वच्छलाबाई : काय सांगू? पांडुरंगाची माळ आहे गळ्यात, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. दादीसाची छाती आधीपासून कमजोर होती. डॉक्टर तसंच म्हणाले. पण उपासांनी ती वाळली, हेही खरं. ज्या दिवशी पाणी उकळायला भट्टीवर ही काहील, ही मोठी कढई चढायची, त्या दिवशी ती जेवायची नाही. एवढ्या पाण्यातले जीव माझ्या हुकमानं जातात, म्हणायची, मग मी कुठल्या तोंडानं घास खाऊ?

प्रेमकुंवर : एक दिवसाआड काहील चढायची.

वच्छलाबाई : हो.

प्रेमकुंवर : मार्गशीर्षापासून.

वच्छलाबाई : हो गं.

प्रेमकुंवर : मग तापवलं कशाला? गेली दोन्ही वर्षं मी चैत्रातच उतरायची ना? तेव्हा पाणी उन्हानंच तापायचं.

वच्छलाबाई : धुळ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, विसरलीस? पोलिओच्या पायाच्या शिरा थंडीत आखडतात. चैत्राची वाट बघू नका, पाय ऊन पाण्यात हलू द्या. मग तुझ्या बाऊजींनी पाणी उन्हात तापत ठेवलं, ताडपत्री घातली. थोडं कोमट झालंही. पण आपल्या विहिरीचं पाणी पडलं जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. उन्हानं पाणी तापतं, पण त्यातला क्षार कुठं जातो? तुझ्या पट्ट्यांखाली पांढरी पुटं धरली, भेगा पडल्या, रक्त आलं. धुण्याचा सोडा टाकून पाहिला, तर कातडं सोललं. किती रडलीस! तुझी दादीसा दाराआड उभी होती. तुझ्याहून जास्त तीच रडली.

प्रेमकुंवर : मग काहील आणली.

वच्छलाबाई : गुऱ्हाळावरून. पाणी खळखळून उकळलं की क्षार तळाशी बसतो. वरचं निवळ तेवढं हौदात घ्यायचं. तळाची खपली मी खरवडून काढते, बघ, त्या कोपऱ्यात केवढा ढीग पडलाय. ही युक्ती तिचीच. तुमच्या उपासाला उकळलेलंच पाणी चालतं, ती तेच प्यायची ना, तांब्याच्या बुडाशी काय बसतं ते तिला माहीत.

प्रेमकुंवर : म्हणजे तिनं स्वतःच सांगितलं, उकळा. आणि स्वतःच उपाशी राहिली.

वच्छलाबाई : स्वतःच.

प्रेमकुंवर : मग ऐका. आज काहील चढली ना? तर आजचा उपास माझा. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही.

वच्छलाबाई : अगं माय वं! शिरा दिला होता ना तुला वाटीत?

प्रेमकुंवर : गाईला घातला.

वच्छलाबाई : आणि दुपारची पोळी?

प्रेमकुंवर : तीही गाईलाच. माझी आई म्हणते गाय हल्ली फार माजलीय.

वच्छलाबाई : हसू नको. हसू नको, प्रेमा. ओठ बघ कसे सुकलेत. तरीच म्हटलं, आज पोर भिंत धरून का बसतेय… शेठ! अहो हस्तीमलशेठ! जरा परसात या!

प्रेमकुंवर : बाऊजींना नका सांगू!

हस्तीमल : काय झालं? पडली का? वच्छलाबाई, ही अजून कोरडीच कशी?

वच्छलाबाई : पडली नाही. सकाळपासून उपाशी आहे. पाणी तापलं म्हणून. आणि उतरणार नाही म्हणते.

हस्तीमल : कोणी सांगितलं तिला?

प्रेमकुंवर : सुंदरबाई बोलली. तुम्हांला माहीत होतं, बाऊजी?

हस्तीमल : आई उपास करायची ते माहीत होतं. कशासाठी, ते ती गेल्यावर कळलं. आधी विचारलंच नाही मी.

प्रेमकुंवर : का नाही विचारलं?

हस्तीमल : आपल्या घरी तपाला कोणी 'का' विचारतं, बेटा? बाई उपासाला बसली की घराची मान उंचावते. बायका येऊन तिच्या तपाची गाणी म्हणायच्या. मी जैन स्थानकात पतासे वाटले. लोक मला म्हणत, हस्तीमल, आई मोठी तपस्वी तुझी. मी हात जोडायचो. इकडं तिचे हात काठीसारखे होत गेले आणि मी पतासे वाटत राहिलो.

वच्छलाबाई : शेठ, मीच तिला म्हणाले होते, अक्का, शेठला सांगते. तर म्हणाली, सांग की. तो भट्टी बंद करेल. मग पोरीचे पाय तू देशील का सरळ करून? मग मी नाही सांगितलं.

हस्तीमल : तुमच्यावर राग नाही माझा. माझ्याच दुकानातल्या सिमेंटनं बांधला ना हा हौद. आजचं पाणी शेवटचं, आता नजरेसमोर नको तो. गाडीवान चिंधाला सांगितलंय मी. उद्या बैलगाडीनं माती आणेल. बुजवून टाकू. आईला खाल्लं यानं.

वच्छलाबाई : आणि हिचे पाय?

हस्तीमल : पायांचं काय? हौद बांधून दोन वर्षं झाली. जमिनीवर एक पाऊल टाकते का पट्ट्यांशिवाय?

प्रेमकुंवर : नाही टाकत.

वच्छलाबाई : पाण्यात टाकते! मी पाहिलंय. त्या खांबाला धरून उजवा पाय मागं मारते, बेडकीसारखा. जमिनीवर नाही जमत, कबूल. कधी जमेल का, तेही मला माहीत नाही, देवाला माहीत. पण पाण्यात ती लंगडी नाही, शेठ. तेवढा वेळ तरी नाही.

हस्तीमल : आता ती उतरतच नाही म्हणते ना? संपलं मग. माती टाकू.

वच्छलाबाई : माझी गोष्ट अर्धीच राहिलीय. ती संपू द्या, मग बापलेक मिळून काय टाकायचं ते टाका. बसा तुम्हीपण.

हस्तीमल : कामं पडलीत दुकानात.

वच्छलाबाई : कीर्तनातून मधेच उठून जाऊ नये. बसा.

हस्तीमल : बसलो.

वच्छलाबाई : संक्रांत होऊन गेली होती. प्रेमा पोहून आली आणि आत झोपली. हौदात पाणी अजून ऊन होतं. मी खपली खरवडत होते, अक्का तिथं, त्या कडेला बसली होती. इकडं तिकडं पाहिलं तिनं. मग हळूच लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

हस्तीमल : आईनं? शक्य नाही. तिचा नेम होता. तांब्याभर पाण्यात अंघोळ करायची ती.

वच्छलाबाई : पोटरीपर्यंत सोडले, शेठ. डोळे मिटून बसली. मी खरवडत राहिले. जरा वेळानं म्हणाली, वच्छला, यात तर झोप येते गं! पोर उगाच नाही हट्ट करत. आणि हसली. मी इतकी वर्षं या घरात आहे, तिला तशी हसताना तेवढंच पाहिलं. मग पाय पुसले आणि म्हणते कशी, उद्या आणखी एक उपास. पण तो प्रेमाच्या नावावर नको हं धरूस, तो माझ्या चैनीचा.

प्रेमकुंवर : दादीसा असं म्हणाली?

वच्छलाबाई : अस्संच. त्याच दिवशी मी धीर करून म्हटलं, अक्का, पोरीला हे कधी कळलं तर? तेव्हा मात्र हसू गेलं तिचं. म्हणाली, तापवण्याचं पाप माझं, पोहण्याचं सुख तिचं. माझ्या ताटात डोकवायचं नाही म्हणावं तिनं. तिचं ताट वेगळं.

प्रेमकुंवर : पण ती आता नाहीये.

वच्छलाबाई : नाहीये.

प्रेमकुंवर : मग पाप कुणाचं?

वच्छलाबाई : मला शास्त्र येत नाही, बाई. मी टाळ वाजवणारी. पण एवढं दिसतंय, की आज काहील पेटली ती पेटली. त्यातले जीव गेले ते गेले. तू उपाशी बसलीस म्हणून परत यायचे नाहीत. तू उतरली नाहीस तर मात्र ते फुकट गेले. तुझ्या दादीसानं तांब्याभर पाणीसुद्धा कधी वाया घालवलं नाही. हौदातलं उरलेलं ती बादलीबादलीनं केळीला घालायची. आणि इथं अख्खा हौद निवतोय.

हस्तीमल : वच्छलाबाई…

वच्छलाबाई : बोला.

हस्तीमल : त्या पट्ट्या कशा सोडतात? मी कधी सोडल्या नाहीत.

प्रेमकुंवर : बाऊजी, आधी वरचं बक्कल. नाही, ते नाही. ओढू नका, ते चामडं जुनं झालंय.

हस्तीमल : असं?

प्रेमकुंवर : हं. आता दुसरा. तुमचे हात गार आहेत.

हस्तीमल : असू दे. मानेला धर माझ्या. धोतर भिजलं तर भिजलं.

वच्छलाबाई : सावकाश, पायरीवर शेवाळ आहे… हां. खांब दिला बघ हातात. सोडा आता तिला, शेठ. सोडा, ती बुडत नाही.

प्रेमकुंवर : गार झालंय पाणी.

वच्छलाबाई : जास्त?

प्रेमकुंवर : थोडं. दादीसा असताना याहून ऊन असायचं.

हस्तीमल : दिसला. पाय हलला. वच्छलाबाई, उजवा पाय…

वच्छलाबाई : सांगत नव्हते का? दर खेपेला हलतो. तुम्ही दुकानात असता.

प्रेमकुंवर : बाऊजी, उद्या माती येणार?

हस्तीमल : येईल. चिंधाला सांगतो, केळीच्या बुडाला टाक.

प्रेमकुंवर : आणि परवा काहील चढली, तर उपास कोण करणार?

हस्तीमल : मी करीन.

वच्छलाबाई : कोणी नाही करायचा! एक बाई गेली या घरातून, तेवढं पुरे. पुन्हा पतासे वाटायला मी येणार नाही, सांगून ठेवते.

प्रेमकुंवर : मग तिचं काहीच राहणार नाही, मावशी. गाणी झाली, बायका येऊन गेल्या, तिचं गळणंसुद्धा आईनं धुऊन घडी करून ठेवून दिलं. उपास तेवढा राहिला होता. तो मी धरला होता.

हस्तीमल : रडू नको, बेटा. पाणी नाकात जाईल.

वच्छलाबाई : ऐक माझं. ऊन भिंतीवर गेलंय. तुमच्यात सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत, म्हणजे आता थोडाच वेळ आहे. दोन फेऱ्या मार, बाहेर ये. मी डाळ-भात वाढते. डाळ या निवळलेल्या पाण्यातच शिजवलीय. आज पहिल्यांदा मऊ झालीय.

प्रेमकुंवर : आणि दादीसा?

वच्छलाबाई : तिचं एवढंच कर. पोटभर जेव. आणि जेवायला बसलीस की रोज, पहिला घास तोंडात घालण्याआधी, तिची आठवण काढ.