जावयासाठी राखलेली आठी

सीवूड्सच्या स्किन क्लिनिकमध्ये कपाळावर इंजेक्शन घ्यायला आलेल्या खुर्शीदच्या शेजारी करावे गावची कोळीण राजाबाई लेकीसोबत बसली होती.

“आये, आठी पाडणारा स्नायू सुईने सैल पडतो. तीन-चार महिने कपाळ एकदम प्लेन.”

“तवर बाजारात घासाघीस करनारं गिऱ्हाईक गप कसं करू?”

“अगं, माझ्या लग्नाच्या फोटोत तरी रागीट दिसू नको.”

“फोटोतच पायजे. तो तुमच्या हॉलमदी लागंल ना?”

“हो, मग?”

“मंग जावई रोज बगंल. चल, उठ.”

तेवढ्यात नर्सने हाक मारली. “खुर्शीद मॅडम, कपाळाचं ना?”

“नाही, डोळ्यांच्या कडांचं करा,” खुर्शीद म्हणाली. “कपाळ राहू द्या. माझ्या लेकीचं, शायमाचंपण लग्न ठरलंय.”