घरचं सामान दुसऱ्याच्या दुकानातून

माझं माहेर धारचं. आजोबा संस्थानात कारकून, वडील मास्तर, घरात संध्याकाळी रामरक्षा आणि उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की हिंदी, त्यामुळे माझी मराठी ही अशी खिचडी आहे, तुम्ही लिहाल तेव्हा सांभाळून घ्या. लग्न होऊन देवासला आले. हे तेव्हा कारखान्यात होते, पक्की नोकरी, मग कारखानाच बंद पडला, आणि काय सांगू तुम्हाला, किती धंदे केले, एक चालला नाही. शेवटी मुक्तिधामच्या, म्हणजे स्मशानाच्या, रस्त्यावर दुकान मिळालं, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, त्यात ह्यांनी बांबू, मडकी, कोरं कापड, सुतळी, गुलाल असं सगळं भरलं. आमच्या लोकांत बोंब झाली, मराठी माणूस आणि कफनाचं दुकान? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं यायचं बंद झालं. तोंडावर कोणी बोललं नाही, बस, बोलावलं नाही. आणि घरात कोणी गेलं की तीच माणसं आमच्या दारात, वहिनी, आपल्या पद्धतीचं सगळं द्या हो. मी द्यायची. राग यायचा, पण त्यांचे डोळे बघितले की तो राग गिळायची आणि सामान बांधून द्यायची.

आमचं गिऱ्हाईक कसं असतं सांगू? साडी घ्यायला गेलेली बाई दुकान डोक्यावर घेते, इथे कापड कोणी हातात धरूनसुद्धा बघत नाही. भाव करत नाही. द्याल ते घेतात, आणि नको ते जास्त मागतात. एकदा बागलीकडचा एक जण आला, वडिलांशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्याचं, म्हणे, भिया, सबसे अच्छी शाल दो, नहीं, इससे भी अच्छी, और अच्छी. कपाटात भारीतली होती. ह्यांनी काढली नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले, यही सबसे अच्छी है भैया, इसके ऊपर कुछ नहीं आता. तो बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी मागून म्हटलं, अहो, शाल तर होती. तर म्हणाले, असू दे गं, त्याला शाल नको होती.

आणि काही लोक आधीच येतात. मतलब, माणूस दवाखान्यात असतो, डॉक्टरनी हात टेकलेले असतात, आणि हा हळूच येऊन विचारतो, सब मिल जाएगा ना? मला त्या लोकांची भारी चीड. अरे, बापाचा श्वास चालू आहे आणि तू बांबू बघतोस? मी सरळ वाटेला लावायची, होगा तब आना म्हणून.

आता आमचा एक नियम ऐका. आपल्या दुकानातलं सामान आपल्या घरच्या मयताला लावायचं नाही. लावलं तर घरातलं आणखी एक माणूस ओढलं जातं, असं ह्या धंद्यात मानतात. म्हणून ह्यांचं आणि धारच्या कन्हैया भियाचं ठरलेलं होतं, त्यांचंही हेच दुकान, की तुमच्या घरचं आम्ही देऊ, आमच्या घरचं तुम्ही. सासूबाई गेल्या तेव्हा दोरासुद्धा धारहून आला. मग कन्हैया भिया गेले, मुलांनी तिथे मोबाइलचं दुकान टाकलं, आणि ते ठरलेलं संपलं.

हे आजारी पडले तेव्हा इंदूरला ठेवलं होतं. मंदार, माझा एकुलता मुलगा, पुण्याहून आला. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येत नाही. काचेपलीकडे हे नळ्यांमध्ये, आणि मंदार मला म्हणतो, आई, तू टेन्शन घेऊ नकोस, मी एका कंपनीत सगळं बुक केलंय, गाडी, फ्रीजर, पंडित, सगळं तेच बघतात. ज्यांना मी दुकानातून हाकलायची, त्यातला एक माझ्याच पोटी. त्या क्षणापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, बोलायची नाही.

आणि हे सुधारले! घरी आणलं. एका दुपारी मी ह्यांना वरणाचं पाणी भरवत होते, मंदारचा फोन ह्यांच्या उशाशी चार्जिंगला लावलेला, तो वाजला, ह्यांनीच उचलला. कंपनीची मुलगी होती, म्हणे, सर, अंतिम सेवा की आपकी बुकिंग है, अभी आवश्यकता है क्या? हे शांतपणे म्हणाले, अभी नहीं बेटा, थोड़ा टाइम है. मग धंदेवाईक माणसासारखं विचारायला लागले, कपड़ा कौन सा देते हो, मटकी पक्की है ना, हम मराठी लोग हैं, तुलसी घर की लगेगी. शेवटी म्हणाले, जो नाम लिखा है ना, वो मैं ही हूँ. मंदार दारात उभा, तोंड पांढरंफटक. हे त्याला म्हणाले, बुकिंग राहू दे रे, आपल्या दुकानातून घेता आलंच नसतं, बरं केलंस.

मग मला म्हणाले, आधी येतात ना, ते फार घाबरलेले असतात गं. त्यांना परत पाठवत जाऊ नकोस. मी मान हलवली, पण पोराशी काही बोलले नाही. मन कडू झालं होतं, ते एवढ्यात कुठलं गोड व्हायला?

पुढे एका सकाळी चहा व्हायच्या आत हे गेले. कंपनीची गाडी आली, एकसारखे कपडे घातलेले लोक, स्टीलची तिरडी, तिला पट्टे आणि चाप, बांबू नाही, गाठ नाही. आमच्यात घरचे पुरुष खाली बसून तिरडी बांधतात, तेवढा वेळ हाताला काम असतं. मंदार उठला तर ते म्हणाले, सर, आप बस बैठिए, हम सब कर लेंगे. पोरगा भिंतीशी उभा, डोळे कोरडे, हातांची नुसती उघडझाप चाललेली. ते हात मला बघवेनात. मी उठले, गल्लीच्या तोंडाशी गेले, शटर वर केलं, सुतळीचा गुंडा आणला, त्याच्या हातात ठेवला. म्हटलं, बांध बाबांना. तो म्हणाला, आई, ही आपल्या दुकानातली आहे. म्हटलं, माहीत आहे मला, बांध. तो खाली बसला. त्या चापांवरून सुतळी गुंडाळत गेला, एक गाठ धड बसेना, आणि मग त्याला रडू फुटलं. मीही त्याच्याजवळ खाली बसले आणि दुसरं टोक धरून ठेवलं.

आता तो पुण्याला असतो. दुकान मीच बघते, आधी येणाऱ्यांना खुर्ची देते, पाणी देते. मंदारचा रोज सकाळी फोन येतो, आई, उठलीस का? आधी कधी करायचा नाही हो. नियम खरा की खोटा देव जाणे, मी मोडला एवढं खरं, आणि घरात आता आम्ही दोघंच. रोज दिवा लावताना एवढंच म्हणते, देवा रे, ओढायचंच असेल कोणाला तर मला ओढ, माझ्या पोराला उदंड औक्ष दे. तो तिकडे देवापुढे काय मागतो, ते मात्र मी त्याला विचारत नाही.