तिसरा रामोन

—छे छे, लेआंद्रो-बिआंद्रो काही नाही, एल्विरा. या घरात मुलगा झाला की रामोनच. तुझ्या नवऱ्याचं नाव रामोन, त्याच्या आज्याचं रामोन. बस ना, उभी का? कळा नाहीत म्हणतेस, मग कपाळावर घाम कसला?

अर्थ? पाद्रीबाबा सांगतात, फार जुन्या उत्तरेकडच्या लोकांचं नाव ते — चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून राखण करणारा. असेल बाबा. आम्हाला ठाऊक तो आमचा संत रामोन. आई आधीच मेली, मग तिचं पोट चिरून काढला त्याला — न जन्मलेला म्हणतात. म्हणून तर बाळंतिणीसाठी त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची. ती संपायच्या आत मूल आलं तर ठीक, नाही आलं तर — अंजीर खा गं, ताजे आहेत. तुझी? तुझी मी पहाटेच लावली, तू झोपेत होतीस.

आज्याची आई तशीच गेली. आणि माझी बहीण फेलिसा, तुझी सासू, ती याच पलंगावर. मेणबत्ती संपली, सुईण नुसती हात चोळत बसलेली — कुणीतरी ठरवायला नको? मी ठरवलं. पोर असं गुटगुटीत निघालं! मीच वाढवलं, मलाच आई म्हणतं. आता गावातल्या बायकांना काय, जिभेला हाड नाही — म्हणे फेलिसा तेव्हा जिवंत होती, डोळे उघडे होते. मेलेल्यांचे नसतात का उघडे? माझा हात धरला होता तिनं, एवढंच. घट्ट धरला होता. सुटेचना — जाऊ दे ते.

अशी काय बघतेस? तुझं वाईट चिंतीन होय मी? लाडकी आहेस माझी. पण माझी कूस काही उजवली नाही, आणि ते पोरही आता बायकोचंच ऐकतं. पुन्हा एकदा मांडीवर रामोन असावा, असं वाटलं तर काय चुकलं माझं?

डॉक्टर? त्यांना सकाळीच निरोप धाडला — अजून अवकाश आहे, येऊ नका. आणि तुझा नवरा कुठला येतोय! आज संताचा सण, मूर्तीला खांदा रामोन नावाच्यांनीच द्यायचा. सगळा गाव नदीवर गेलाय. दाराकडे कशाला? कडी मी घातलीय. अगं, अगं — भिजलीस की! आली ना वेळ?

ओरडू नकोस, पोरी. घंटा वाजतायत तिकडे, कुणाला ऐकू जाणार? चल. आडवी हो.