वाटेतल्या व्हिसाची सही

जबाब देणार: तक्रारदार बाईंची थोरली बहीण. वय: ५४ वर्षे. कामधंदा: तिकिटांच्या कचेरीत व्हिसाचे अर्ज भरणे. राहणार: बसस्थानकामागची पिवळी इमारत, तिसरा मजला.

बोलावणे आल्यावरून आज बुधवारी दुपारी सव्वादोन वाजता मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. गेल्या वर्षापर्यंत आई माझ्याजवळ होती. अकरा वर्षे होती. आता ती परदेशी भावाकडे असते. तक्रारदार ही माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ज्या तिकीटवाल्यांवर तिने फसवणुकीची तक्रार केली ते माझे मालक. त्यांच्याकडे मी सोळा वर्षे नोकरीला आहे. दोघांपैकी कोणाशीही माझे कसलेही भांडण नाही.

तक्रार मला वाचून दाखवली. त्यातील हकीकत खरी आहे. परवा सोमवारी धाकटी भावाकडे जायला निघाली आणि सकाळी नऊ वाजता विमानतळावरच्या खिडकीशी तिला अडवले. वाटेत एका देशात विमान बदलायचे होते, मध्ये पाच तास. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे नसले तरी आपल्या पासपोर्टवाल्यांना त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. धाकटीकडे भावाच्या देशाचा व्हिसा होता, हा नव्हता. तिला परत पाठवले. आईचे हृदयाचे ऑपरेशन आज सकाळी होते. त्याआधी धाकटीने आईजवळ पोचायचे ठरले होते. ती पोचली नाही.

असा व्हिसा लागतो हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही, असे धाकटीचे म्हणणे. सांगितले आणि वहीत तिची सही आहे, असे मालकांचे म्हणणे. ती वही हवालदारांच्या टेबलावर आहे.

वहीची रीत अशी. तिकीट मालक काढतात, मग फाइल माझ्याकडे येते. वाटेत व्हिसा लागत असेल तर मी गिऱ्हाइकाला समोर बसवून वहीतली तशी ओळ वाचून दाखवते आणि त्या ओळीपुढे सही घेते. एकदा एक म्हातारे जोडपे असेच विमानतळावरून परत आले, तेव्हापासून ही रीत मीच पाडली. वहीही मीच आखली. रकाने कसे असावेत ते मला कळते. ठाण्याच्या या कागदात नात्याला जागा अगदीच कमी ठेवली आहे, हे मी हवालदारांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, मुद्द्याचं बोला."

मुद्दा असा की, गेल्या महिन्याच्या दोन तारखेला भावाचा फोन आला. "ताई, ऑपरेशनची तारीख मिळाली. आई म्हणते, धाकटीला बोलाव." मी विचारले, "आणि मी?" तो म्हणाला, "तुला सुट्टी मिळायची नाही, असं आईच म्हणाली." माझे मालक एका शब्दावर सुट्टी देतात. मला कोणी विचारले नव्हते.

अकरा वर्षे आईची औषधे, अंघोळ, नखे काढणे, डॉक्टरकडच्या रांगा हे सगळे मी केले. धाकटी वर्षातून दोनदा यायची, स्वेटर आणायची, तासभर आईला हसवायची आणि जायची. पुढे आठवडाभर आई शेजाऱ्यांना स्वेटर दाखवायची. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जाते? पण ओढल्या रेघोट्यांचेच कौतुक होते. पीठ दळणारीला कोण विचारतो? आणखी सांगायचे तर, हजारो लोकांचे अर्ज भरले तरी माझ्या पासपोर्टात अजून एक शिक्का नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नऊ तारखेला, गुरुवारी, दुपारी साडेतीनला धाकटी कचेरीत आली. पायात नवे बूट होते. "ताई, तिकडे थंडी असते ना, म्हणून घेतले. चावतात गं." मग खुर्ची ओढून म्हणाली, "आई काल फोनवर म्हणाली, तू दिसलीस की मी अर्धी बरी होईन." हे तिने मला आनंदाने सांगितले. मला काही वाटेल, हे तिच्या गावीही नव्हते.

त्या वेळी माझे जे झाले त्याला हवालदारांनी 'राग' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. राग नव्हता. मत्सर होता. तसाच लिहावा.

मी वही पुढे केली आणि म्हटले, "इथे सही कर."

"काय आहे हे?"

"नेहमीचंच."

"मग वाचायचं काय त्यात? तू आहेस ना." असे म्हणून तिने सही केली आणि बूट काढून टाच चोळत बसली.

निघायला पंचवीस दिवस होते. या व्हिसाला पंधरा लागतात. कोरा अर्ज मी काढून ठेवला होता, तो दुसऱ्या फायलींखाली सारला. मी विसरले नाही. रोज साडेदहाला कचेरी उघडताना ठरवायचे, आज सांगून टाकू. मग तिचा फोन यायचा, "ताई, आई विचारते, बरोबर काय काय आणतेस? काय नेऊ गं?" आणि मी सांगत नसे. आईचे वाईट व्हावे असे माझ्या मनात नव्हते. आईने एकदा धाकटीची वाट पाहावी आणि धाकटी येऊ नये, एवढेच होते.

सोमवारी ती विमानतळावरून स्वतःच्या घरी न जाता बॅगेसकट माझ्याकडे आली. खूप रडली. मी तिला जेवायला वाढले, पाठीवरून हात फिरवला. मला बरे वाटत होते. हेही लिहावे. ती म्हणाली, "ताई, मालकांनी तुलाही अंधारात ठेवलं. मी त्यांना सोडणार नाही." मी तिच्या पानात आणखी भात वाढला. संध्याकाळी सरळ जाणारे विमान शोधले, शुक्रवारच्या आत जागा मिळाली नाही. मंगळवारी तिने तक्रार दिली.

आज अकरा वाजता, तिकडच्या दुपारी, भावाचा फोन आला. ऑपरेशन झाले. आई अजून शुद्धीवर आलेली नाही, डॉक्टर थांबा म्हणतात. धाकटीला परत पाठवल्याचे भावाने तिला सांगितले नव्हते. आत नेईपर्यंत ती दाराकडे बघत होती. भावाला म्हणाली, "येईल ती. मोठीने कागद केलेत, चूक व्हायची नाही."

सही घेण्यापूर्वी ओळ वाचून दाखवली होती का, असे मला विचारले. हो म्हटले असते तर मालक सुटले असते, मी सुटले असते आणि धाकटी न वाचता सही करणारी वेंधळी ठरली असती. नाही, वाचून दाखवली नव्हती. मालकांचा यात दोष नाही. त्यांनी फाइलवर 'वाटेत व्हिसा' असे लाल पेन्सिलीने लिहून दिले होते.

धाकटी बाहेर बाकावर बसली आहे. मी तिच्या बाजूने सांगते आहे असे तिला वाटते. जबाब देणाऱ्याला तो वाचून दाखवावा लागतो, असे हवालदार म्हणाले. तो तिच्यासमोर वाचावा, मला तो पुन्हा तोंडाने सांगता येणार नाही, अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे साडेचार वाजता हवालदारांनी तिला आत बोलावून तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. मजकूर मी सांगितला तसाच आहे, कमी नाही, जास्त नाही.

ऐकताना धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी एकच वाक्य बोलली, "आई शुद्धीवर आली तर तिला यातलं काही कळता कामा नये." हे वाक्य तिच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या सांगण्यावरून जबाबात घेतले आहे. आईचा विचार याही वेळी आधी तिलाच सुचला.