रविनाच्या नियमांची दारं कोणी काढली?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय दिलवरसिंग बापू, व्यासपीठावरील संचालक मंडळ, प्राचार्य महोदय, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि चिंचपाड्याहून मुलीच्या, रविनाच्या, निरोपाला आलेले सॅम्युअलकाका व काकू, आपणा सर्वांना संगणक विभागप्रमुख शीला पाटील हिचा नमस्कार.

मघापासून ऐकतेय, "रविना मॅडम स्वखुशीने जात आहेत." स्वखुशीने? बापू, जिच्यावर चौकशी बसवून राजीनामा घेतला, तिच्या गळ्यात हार घालताना आपला हात जरासुद्धा अडखळला नाही. मला तर बसल्या जागी शिसारी आली.

माझ्या विभागात शिकवणाऱ्या रविनाचं पीएच.डी.चं संशोधन ग्राफ रूपांतरणाच्या नियमांवर. संचालकांसाठी सोपं करून सांगते, कारण मागे एकांनी हा शेअर बाजाराचा ग्राफ का, असं विचारलं होतं. इथे ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. नवापूरकडची प्रत्येक पोल्ट्री एक ठिपका. खाद्याची गाडी एकीकडून दुसरीकडे गेली की मध्ये रेषा. नियम ही आकृती बदलतात. असं दिसलं की तसं कर. पण नियम वाढले की एकमेकांच्या पायात येतात. म्हणून रविनाने त्यांचे कप्पे केले, गाड्यांचा वेगळा, आजाराचा वेगळा. प्रत्येकाला एक दार. दारातून ठरलेलं तेवढंच आत-बाहेर जायचं, आतल्या कारभारात दुसऱ्याने हात घालायचा नाही. गाडी शेडमध्ये घेऊ का, हे पोल्ट्रीवाले याच नियमांवर चालणाऱ्या आपल्या कॉलेजच्या अ‍ॅपला विचारायचे आणि उत्तर बरोबर यायचं.

मग बापूंचे भाचे अमृतभाऊ आले. खाद्याच्या गाड्या त्यांच्याच. गाड्या उगाच अडतात, म्हणून त्यांना आजाराचे नियम स्वतः बदलायचे होते. रविना नाही म्हणाली. तेव्हा बापू भर मिटिंगमध्ये म्हणाले, "आपला घरमा कसाना दारं? तोडी टाका, सम्दं एक करी टाका." किती गोड वाटतं ना हे आपल्याला! घरचाच माणूस, त्याला कसली आडकाठी? टाळ्या पडल्या. आजच्यापेक्षा जोरात.

दारं निघाली. गाड्यांच्या कप्प्यात एक साधा नियम होता, फेरी संपली की तिची रेषा पुसून टाक. त्या कप्प्यापुरतं ते योग्यच. पण आजाराचा नियम याच रेषा धरून शोध घेतो, की आजारी पोल्ट्रीतून गाडी पुढे कुठे गेली. पूर्वी त्याला रेषांची प्रत दारातून मिळायची. आता सगळा एकच ढीग. रेषा आधीच पुसल्या गेल्या, आजाराच्या नियमाला काही दिसलं नाही, आणि अ‍ॅपने बिनदिक्कत सांगितलं, गाडी येऊ द्या. ती आजारी पोल्ट्रीतून थेट पोल्ट्रीवाल्या हिरीबाईंच्या शेडमध्ये गेली.

हिरीबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात टाकताना त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मी तुमच्या कॉलेजला विचारूनच गाडी घेतली ना?" तो वास अजून नाकातून गेलेला नाही. पण त्याहून घाण वास चौकशी समितीच्या खोलीत होता. निष्कर्ष काय, तर 'रविना गावित यांचे नियम सदोष.' तिला बोलावलंसुद्धा नाही. दारं कोणी काढली, हे कोण विचारणार? विचारणारे आणि काढणारे एकाच ताटातले काजू खात होते.

बापू, घड्याळ दाखवू नका, संपवतेच आहे.

तो अहवाल सोमवारी विद्यापीठात जायचा आहे. तो गेला की रविनाची पीएच.डी. थांबते आणि दुसरं कॉलेजही तिला दारात उभं करणार नाही. त्यावर माझी सही लागते. काल अमृतभाऊ पेन घेऊन माझ्या घरी आले होते. "ताई, एक सहीच तं शे." मी सही केलेली नाही, करणारही नाही. दारं काढायचा हुकूम कोणाचा होता, हे मी आज सकाळी विद्यापीठाला नावानिशी कळवलं आहे. बापू, तुम्हाला ते माझ्याच तोंडून कळावं, म्हणून इथे उभी राहिले.

रविना, तुझे नियम बरोबर होते. हे तुझ्या आईवडिलांसमोर, माईकवर कोणीतरी म्हणायला हवं होतं.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर रविनाने, काका-काकूंनी आणि हिरीबाईंनी मला क्षमा करावी. व्यासपीठाकडे मी क्षमा मागत नाही.