सतरा होकार आणि एक हिरवा पट्टा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या वस्तीचे प्रमुख सुकिर्दीसाहेब. ज्यांना निरोप द्यायला माझी जीभ रेटत नाही ते वाहतूक खात्याचे मानुरुंगसाहेब. कालच त्यांच्या खुर्चीवर रुजू झालेले, सोलो शहराचे हेन्द्रात्मोसाहेब. लेकाला न्यायला मेदानहून आलेल्या मानुरुंगसाहेबांच्या मातोश्री. आणि जेवणाला अजून अवकाश आहे हे ठाऊक असूनही वेळेवर आलेल्या माझ्या योग्याकार्ताकर बंधुभगिनींनो,

मी रुस्तिना, जुन्या सायकलींच्या मंडळाची चिटणीस. मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या मंडळाचा वेग आपण जाणताच. दर रविवारी पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घालून आम्ही काळ्या उंच सायकलींवर निघतो आणि दर चौकात चहाला थांबतो. एकदा बदकांचा एक कळप आम्हाला मागे टाकून गेला होता. तेव्हा पाच मिनिटांचं काय होणार, ते आपणच समजून घ्या.

मानुरुंगसाहेब पाच वर्षांपूर्वी आले ते मंडईच्या रस्त्यावर सायकलींसाठी हिरवा पट्टा आखायला. पट्टा हवा कुणाला होता? आमच्यासारख्या हौशी लोकांना? छे हो! हवा होता तो त्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या सरिन्तेनआजींना. कॅरिअरला काढ्याच्या बाटल्या बांधून त्या चाळीस वर्षं मंडईत विकायला येतात. त्या साली एका बसने त्यांना गटारात ढकललं. हाताला प्लास्टर, आणि मुलाने बजावलं, "आई, आता सायकल बंद." आजी म्हणाल्या, "पट्टा होऊ दे, मग बघ." तेव्हापासून ठरलंय, पट्टा आहे तोवर आजींची सायकल आहे.

तर साहेब कामाला लागले. पलीकडच्या बेटावरच्या मेदानची माणसं सरळ, मनात असेल ते तोंडावर. साहेब सतरा दुकानदारांकडे गेले. "पट्टा आखतोय. गाड्या, हातगाड्या हलवाल ना?" सतराही जणांनी मान लववून सांगितलं, "इंगिह." साहेबांनी अहवालात लिहिलं, सतरापैकी सतरा होकार. पट्टा रंगवला. काय देखणा दिसत होता म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बघायला आले. पट्ट्यावर सळ्यांवर मटण भाजणारी हातगाडी. पुढे ओळीने चाळीस मोटारसायकली, उन्हाने तापू नयेत म्हणून सीटवर पुठ्ठे ठेवलेल्या. त्यापुढे लग्नाचा मांडव. पार्किंगवाले गितोदादा तर हात जोडून पुढे आले. "साहेब, फार उपकार झाले. तुम्ही रेघ मारून दिलीत ना, आता गाड्या कशा सरळ लागतात!" (गितोदादा, हसू नका, तुमच्याबद्दलच बोलतेय.) लग्नघरी साहेब भांडायला गेले, आणि दोनदा जेवून परत आले.

तिथून तडक माझ्या अंगणात. चेहरा लालबुंद. "बाई, यांनी मला सतरा वेळा हो सांगितलं!"

मी विचारलं, "एकदाच म्हणाले, की दोनदा?"

"म्हणजे?"

साहेबांच्या आई, तुमच्यासाठी सांगते. आमच्यात 'इंगिह' म्हणजे 'होय जी'. पण ते तुमच्या म्हणण्याला नसतं, तुमच्या मोठेपणाला असतं. त्याचा अर्थ, तुमचं बोलणं कानावर आलं. दोनदा म्हटलं तर समजावं, काम होणार नाही.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "बाई, मग तुमच्यात हो म्हणायचं असेल तर काय म्हणतात?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली मी. शेवटी म्हटलं, "साहेब, तशी वेळच येत नाही आमच्यावर."

पण माणूस मोठा चिवट. त्यांनी 'हलवाल का' विचारणंच सोडून दिलं. आमच्याबरोबर दर रविवारी सायकलवर यायला लागले, दर दुकानी चहा घ्यायला लागले आणि विचारायला लागले, "गाडी किती वाजता लावता? मागच्या गल्लीत किती मावतील? कधीपासून?" आता 'कधीपासून'ला 'इंगिह' कसं म्हणणार? सात महिने लागले. साहेबांचं वजन अकरा किलोंनी वाढलं, पण पट्टा मोकळा झाला. आता मांडव घालणारेसुद्धा एक हँडल जाईल एवढी वाट सोडतात, आणि सरिन्तेनआजी नवरानवरीच्या मधून घंटी वाजवत निघून जातात.

आता मघाची गोष्ट सांगते. अध्यक्षमहोदय, औचित्यभंग होतोय, पण बोलणार. हा पट्टा पुसून तिथे मोटारींना जागा करावी असा एक अर्ज पडलाय. सोमवारी निर्णय आहे. मघाशी चहाच्या वेळी आजींनी हेन्द्रात्मोसाहेबांना विचारलं, "साहेब, पट्टा राहील ना?" साहेबांनी गोड हसून उत्तर दिलं. आजी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "रुस्तिना, दोनदा म्हणाले गं."

आणि सोलोची माणसं! त्यांचं 'इंगिह' तर आम्हालाही उलगडत नाही.

माझं मन आधीच थाऱ्यावर नव्हतं. कारण सकाळी मी मानुरुंगसाहेबांना विचारलं होतं, "परत याल ना?" साहेबांनी अगदी आमच्यासारखी मान लववली आणि म्हणाले, "इंगिह." फार वाईट वाटलं हो. का शिकलात आमची भाषा इतकी छान?

काय म्हणता आई? मोठ्याने बोला, मागे ऐकू जाऊ दे. "डिसेंबरात! मी स्वतः आणते त्याला कान धरून!"

ऐकलंत? साहेब, पाच वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हो म्हणायचं असेल तर असं म्हणतात.

तेव्हा हेन्द्रात्मोसाहेब, पट्टा राहील का, असं मी विचारत नाही. परवा रविवारी सकाळी सहाला आम्ही मंडईच्या दारातून निघतो. पुढे आजी असतील, त्यांच्यामागे तुमची सायकल. एवढंच सांगा, सीट किती उंच लावू?

सावकाश. घाई नाही.

काय? "थोडी खाली"? आजी, ऐकलंत ना? खाली लावायची आहे. गितोदादा, पाना आणा, आत्ताच लावू.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर उदार मनाने पोटात घाला. घालाल ना?

नाही नाही, सगळ्यांनी मिळून 'इंगिह' नका म्हणू. नुसत्या टाळ्या वाजवा.